चुकीची उत्तरं गोळा करणारी क्विझ

एक बीम घ्या. आयताकृती छेदाचा, दोन्ही टोकांना नुसता टेकवलेला, मधोमध लोड. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर मधलं डिफ्लेक्शन, म्हणजे खाली वाकणं, किती होईल? पर्याय चार: तेवढंच राहील, निम्मं होईल, एक चतुर्थांश होईल, एक अष्टमांश होईल.

उत्तर एक अष्टमांश, कारण छेद वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणाऱ्या मोमेंट ऑफ इनर्शियात उंचीचा घन येतो, हे नोट्समध्ये ठळक अक्षरात असतंच. मला मात्र यातला तिसरा पर्याय आवडतो. एक चतुर्थांश निवडणारा पोरगा बिनअभ्यासाचा नसतो, उलट त्याने अभ्यास केलेला असतो, फक्त त्याने स्ट्रेस काढायला लागणारा सेक्शन मॉड्युलस उचललाय जिथे उंचीचा वर्ग येतो, म्हणजे स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी त्याच्या डोक्यात एकाच कप्प्यात जाऊन बसल्यात. निम्मं म्हणणाऱ्याने माल दुप्पट म्हणजे ताकद दुप्पट असा सरळ हिशोब लावलाय. आणि तेवढंच राहील म्हणणारा वर्गात बसलेला असला तरी वर्गात नव्हता एवढं नक्की.

तर मी क्विझ घेते ती यासाठी. क्विझ म्हटलं की शिकवणाऱ्यांमध्ये साधारण दोनच मतं ऐकू येतात, एक म्हणजे इंटर्नलचे मार्क भरायला बरी पडते, आणि दुसरं म्हणजे पोरांना जरा जागं ठेवायला ठीक आहे. दोन्ही खरंच आहे, पण दोन्हींत सगळं लक्ष बरोबर उत्तरांवर, किती आली, कोणाची आली, किती मार्क झाले. माझ्या मते विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या वर्गात क्विझचा खरा माल चुकीच्या उत्तरांत असतो, आणि तोही वेळेवर मिळणारा. अर्धा वर्ग एक चतुर्थांशवर गेला हे मला आज संध्याकाळी कळलं तर उद्याच्या लेक्चरची पहिली दहा मिनिटं कशात घालवायची ते ठरलं. हेच सेमिस्टरच्या शेवटी पेपर तपासताना कळलं तर मी फक्त लाल पेनाने गोल करू शकते, पोरं तोवर पुढच्या सेमिस्टरला लागलेली असतात. आणि 'समजलं का?' असं विचारून काय कळतं ते शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, पुढच्या बाकावरचे दोघं मान हलवतात आणि बाकीचे त्या दोघांकडे बघून हलवतात.

म्हणून प्रश्न लिहिताना मी आधी चुका लिहिते, बरोबर उत्तर शेवटी. चुका शोधायला लांब जावं लागत नाही, जुने पेपर, लॅबमधली वायवा, ट्युटोरियलला मागून हळूच विचारलेल्या शंका, सगळीकडे पडलेल्या असतात. उदाहरण म्हणून सर्किटचं घ्या. आदर्श बॅटरीला दोन सारखे बल्ब पॅरललमध्ये जोडलेत, एक काढून टाकला, दुसऱ्याचं काय होईल? 'जास्त उजळ होईल' म्हणणारे हमखास निघतात, कारण त्यांच्या मनात बॅटरी म्हणजे ठराविक करंट देणारं यंत्र असतं, एक वाटेकरी गेला की उरलेल्याला सगळं. खरं तर व्होल्टेज तेच, म्हणून बल्ब तसाच राहतो. हा प्रश्न आकडे घालून विचारला की तेच विद्यार्थी ओहमचा नियम लावून छान सोडवतात, म्हणजे गणित येतंय पण चित्र चुकलंय, आणि आकडे नसलेल्या प्रश्नाशिवाय ते चित्र बाहेर येतच नाही.

थर्मोडायनॅमिक्समध्ये तर अशी खाणच आहे. पूर्ण इन्सुलेटेड सिलिंडरमध्ये गॅस दाबला, तापमान वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? 'तेवढंच, कारण उष्णता आत आली नाही आणि बाहेर गेली नाही.' इथे उष्णता आणि तापमान एकच मानलं गेलंय, आणि पिस्टनने केलेलं काम हिशोबात आलंच नाही. केमिस्ट्रीवाल्यांकडे उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांचा जुना प्रश्न आहे, त्या बुडबुड्यांत काय असतं? हवा म्हणणारे बरेच आणि हायड्रोजन-ऑक्सिजन म्हणणारेही निघतात, पाण्याची वाफ हे साधं उत्तर सोडून. प्रोग्रामिंगला सी भाषेत डबल प्रकारच्या, म्हणजे दशांश साठवू शकणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये ५ भागिले २ टाकलं की काय साठवलं जातं असं विचारा, २.५ वर पटापट मतं पडतात, आणि उत्तर आहे २, कारण भागाकार आधी पूर्णांकांत उरकून मोकळा झाला, डबल नंतर आला.

या प्रत्येक प्रश्नात चुकीचा पर्याय निवडणाऱ्याचं एक लॉजिक आहे. लॉजिक नसलेला पर्याय घालण्यात अर्थ नसतो, तो कोणी निवडत नाही, नुसती जागा अडवतो. चारच पर्याय पाहिजेत असा काही दैवी नियम नाही, यावर झालेल्या ८० वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००५ साली आला होता आणि त्याचा निष्कर्ष होता की तीन पर्याय बहुतेक वेळा पुरतात. मला तर हायसं वाटलं. तो चौथा पर्याय ओढून ताणून काढण्यात जो वेळ जातो त्यात आणखी एक चांगला प्रश्न होतो. 'वरीलपैकी सर्व' मी वापरत नाही, दोन बरोबर दिसले की पोरं तिसरा न वाचताच टिक करतात. आणि सगळ्यात लांब पर्याय तोच बरोबर हे गुपित सगळ्या वर्गाला माहीत असतं, आपणच बरोबर उत्तरात 'सर्वसाधारण परिस्थितीत' वगैरे शेपट्या लावत बसतो.

आता पोरांच्या बाजूने. क्विझने खरंच लक्षात राहतं का, की ही नुसती आमची समजूत? याचा एक प्रयोग मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात वर्गाला सांगते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार फेऱ्यांत वाचला, दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, ८३% विरुद्ध ७१%. आठवड्याने तपासलं तर वाचणारे ४०% वर आणि आठवून लिहिणारे ६१% वर. आदल्या रात्री नोट्स तीनतीनदा वाचून 'सगळं झालं' वाटतं आणि नंतर पाटी कोरी, त्याचं स्पष्टीकरण या चार आकड्यांत आहे. त्यातली गंमत म्हणजे वारंवार वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं.

अर्थात तो प्रयोग आठवून लिहिण्याचा होता, टिक करण्याचा नव्हता, हे मी वर्गाला सांगते आणि इथेही सांगते. पर्यायांच्या प्रश्नात एक धोका असतोच, चुकीचा पर्याय इतका पटणारा लिहिला की तोच डोक्यात बसायचा. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक पर्यायाला ताबडतोब स्पष्टीकरण, नुसतं 'चूक' नाही तर 'तू सेक्शन मॉड्युलस घेतलास, इथे काय घ्यायला हवं होतं ते बघ' असं. ऑनलाइन सिस्टीममध्ये हे एकदा भरून ठेवावं लागतं, कंटाळवाणं काम आहे खरं, पण एकदाच.

मार्कांचं काय? यावर मी ठाम आहे, थोडे द्यायचे. शून्य दिले तर तिसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग गायब, आणि जास्त दिले तर कॉपी सुरू, ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतात, आणि मग जी चुकीची उत्तरं मला हवी होती ती मिळतच नाहीत, सगळ्यांची उत्तरं वर्गातल्या हुशार मुलीच्या उत्तरांची झेरॉक्स. एखाद्या क्विझला एक-दोन टक्के, त्यातल्या सगळ्यात वाईट दोन सोडून द्यायच्या, तेवढं पुरतं. आजारी पडलो, नेट गेलं, असल्या अर्जांचा ढीगही त्याने कमी होतो.

अंदाजपंचे उत्तरांचा प्रश्न मात्र राहतोच. चार पर्यायांचे दहा प्रश्न डोळे मिटून टिक केले तरी सरासरी अडीच येणारच, आणि चार किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण २२% निघते (हा बायनोमियलचा हिशोब वर्गातच करायला द्या, जो प्रोबॅबिलिटी ऑप्शनला टाकतो तोही यात भाग घेतो). निगेटिव्ह मार्किंगमध्ये चुकीला एक तृतीयांश कापलं की आंधळ्या अंदाजाची सरासरी शून्यावर येते, पण एक पर्याय नक्की चूक आहे हे ओळखलं की अंदाज पुन्हा फायद्यात. ते ठीकच आहे, काहीतरी ओळखलं ना. मला मात्र त्याहून जास्त आवडते ती खात्री विचारणारी पद्धत, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गार्डनर-मेडविन यांनी रुजवलेली आणि आता मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सिस्टीममध्येही असलेली. उत्तराबरोबर आपल्याला किती खात्री आहे ते १, २ किंवा ३ सांगायचं. बरोबर आलं तर तेवढे मार्क. चुकलं तर १ ला शून्य, २ ला वजा २ आणि ३ ला थेट वजा ६. गणित करून पाहिलं तर ८०% च्या वर खात्री असेल तेव्हाच ३ लावणं परवडतं आणि साधारण ६७% च्या खाली असेल तर गुपचूप १ लावावा. इंजिनिअरिंगची पोरं हे पाच मिनिटांत काढतात आणि मग अचानक शांत होतात, कारण आता प्रश्न 'उत्तर काय' एवढाच राहत नाही, 'मला हे खरंच येतंय का' असा होतो. आणि माझ्यासाठी ३ लावून चुकलेली उत्तरं म्हणजे सोनं. १ लावून चुकलेल्याला माहितीये की आपल्याला येत नाही, तो विचारायला येईल. ३ लावून चुकलेला कधीच येणार नाही. पण ही पद्धत मार्कांच्या क्विझला लावू नका, आधी सरावाला लावा, वजा ६ बघून घाबरणारेही असतात आणि त्यांच्यात बऱ्याचदा चांगला अभ्यास करणारे असतात.

वर्गात घ्यायच्या क्विझचं तंत्र वेगळं. इथे एरिक मझूर यांचं नाव घ्यावंच लागतं, हार्वर्डला फिजिक्स शिकवणारे. त्यांच्या लेक्चरना चांगले रेटिंग होते, विद्यार्थी अवघड गणितं सोडवत होते, आणि मग बलाच्या साध्या संकल्पनांवरची शब्दांतली टेस्ट दिल्यावर कळलं की पाया हलतोय. एका मुलीने तर विचारलं होतं की याची उत्तरं तुम्ही शिकवलं तशी द्यायची की मला एरवी वाटतं तशी. त्यानंतर १९९१ पासून त्यांनी लेक्चर तोडून मध्ये प्रश्न घालायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण ३०% ते ७०% बरोबर आले तरच चर्चेला सोडायचं, त्याहून कमी म्हणजे पुन्हा शिकवावं लागेल आणि जास्त म्हणजे पुढे चला. हा आकडा फार उपयोगी आहे, मी प्रश्न निवडते तो याच हिशोबाने.

शेजाऱ्याशी चर्चा म्हणजे हुशाराचं उत्तर बघून बदलणं नाही का, ही शंका रास्त आहे. ती कोलोरॅडो विद्यापीठात जेनेटिक्सच्या वर्गावर तपासली गेली आणि २००९ साली छापून आली. चर्चेनंतर तीच संकल्पना वेगळ्या रूपात विचारणारा दुसरा प्रश्न दिला, तो एकट्याने सोडवायचा, आणि ज्या गटांत पहिल्या प्रश्नाला कोणाचंच उत्तर बरोबर नव्हतं असं दिसत होतं तिथलेही बरेच जण दुसऱ्यात बरोबर आले. म्हणजे दोन चुकणारे एकमेकांशी भांडूनही बरोबर उत्तरापर्यंत पोचू शकतात. माझ्या वर्गात तो आवाज सुरू झाला की बाहेरून जाणाऱ्याला वाटत असेल की आत शिक्षकच नाही, असू दे.

क्लिकर, म्हणजे उत्तराचं बटण दाबायचं यंत्र, लागत नाही यासाठी, मोबाईलही नाही. चार रंगांचे कागद पुरतात, फक्त सगळ्यांनी एकदम वर करायचे आणि छातीशी धरायचे म्हणजे मागच्याला दिसत नाहीत.

वेग मोजणारे खेळ मी जपून वापरते. कहूटसारख्या ॲपमध्ये लवकर टिक केलं की जास्त पॉइंट आणि मागे संगीत, मजा येते, झोप उडते, व्याख्या आणि युनिट यांची उजळणी होते. पण बीमचा प्रश्न त्यात टाकला तर जो थांबून फ्री बॉडी डायग्राम (बलांची आकृती) काढतो तोच मागे पडतो, आणि आम्ही वर्षभर त्याला तेच तर सांगत असतो की आधी आकृती काढ. वेळेची सेटिंग सैल करता येते, करा. आणि पहिल्या तिघांची नावं पडद्यावर झळकवण्यात बाकीच्यांना काय मिळतं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

घरी सोडवायच्या आकड्यांच्या क्विझमध्ये टॉलरन्स हा एक छळ आहे, त्याबद्दल दोन ओळी लिहितेच. मूडलमध्ये प्रत्येकाला वेगळे आकडे देणारा प्रश्न करता येतो, छान आहे, पण उत्तर किती जवळ आलं तर बरोबर धरायचं ते आपण सांगायचं. आता गुरुत्वाकर्षणाच्या जी चं मूल्य ९.८१ धरून उत्तरं काढली आणि २% टॉलरन्स ठेवला तर १० घेणारा जेमतेम आत बसतो, पण ९.८ धरून काढली तर तोच १० घेणारा बाहेर जातो, फरक २.०४% येतो ना! मग मेलचा पाऊस. प्रश्नातच जी किती घ्यायचा ते लिहा आणि मोकळे व्हा. समीकरणाच्या रूपात उत्तर हवं असेल तर स्टॅक नावाचं एक साधन आहे, ख्रिस सँग्विन यांचं, ते उत्तर बीजगणिताने तपासतं, म्हणजे कोणी कंस सोडवून लिहिलं आणि कोणी न सोडवता, दोघंही बरोबर. इंटिग्रेशनच्या उत्तरातला स्थिरांक सी विसरला की त्यावर वेगळा शेराही देता येतो, आणि तो शेरा किती जणांना गेला हे बघणं फारच करमणुकीचं असतं.

क्विझ झाल्यावर आकडेवारीचं पान उघडणारे कमी. दोनच गोष्टी बघा. किती टक्के लोकांना आलं, आणि एकूणात चांगले मार्क मिळवणाऱ्यांना हा प्रश्न जास्त आला की कमी. जर वरच्या फळीतले चुकले आणि खालचे बरोबर आले तर प्रश्नात खोट आहे, शब्द संदिग्ध आहे किंवा आन्सर-की चुकलीये, आणि बऱ्याचदा असं असतं की हुशार पोरांनी अशी एक शक्यता पाहिलीये जी प्रश्न काढणाऱ्याने धरलीच नव्हती. अशा प्रश्नाचे मार्क सगळ्यांना देऊन टाकायचे आणि तो प्रश्न पुढच्या वर्षी चर्चेला वर्गात आणायचा.

आता एआयचं, कारण ते विचारल्याशिवाय कोणी सोडणार नाही. हो, घरी दिलेल्या क्विझचा स्क्रीनशॉट चॅटबॉटला टाकला की उत्तर मिळतं, कॅमेरे लावून आणि ब्राउझर लॉक करून हे थांबवण्यात मला रस नाही, एका टक्क्यासाठी एवढा पहारा कशाला. मी घरची क्विझ अमर्याद वेळा सोडवायला खुली ठेवते, आकडे दर वेळी बदलतात, आणि त्याच संकल्पनेचा एक प्रश्न पुढच्या लेक्चरला कागदावर, पाच मिनिटांत. ज्याने घरी दुसऱ्याकडून करून घेतलं त्याचं त्यालाच तिथे कळतं.

आणि हल्ली मला सगळ्यात जास्त मिळतं ते पोरांनी लिहिलेल्या प्रश्नांतून. ही कल्पना माझी नाही, ऑकलंड विद्यापीठात पॉल डेनी यांनी पीअरवाइज नावाची सिस्टीम याचसाठी केली, विद्यार्थी पर्यायांचे प्रश्न लिहितात, स्पष्टीकरण देतात आणि एकमेकांचे सोडवून त्यावर मत देतात. मी साध्या शेअर केलेल्या शीटवर करून घेते, अट एकच, प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो कोण निवडेल आणि का हे लिहायचं. बरोबर उत्तर कुठूनही मिळतं हो, पण हा रकाना भरायला विषय कळावा लागतो. मध्ये एकाने धातूच्या पत्र्याला भोक असेल आणि पत्रा तापवला तर भोक मोठं होईल की लहान असा प्रश्न लिहिला, आणि 'लहान' पुढे लिहिलं होतं, 'पत्रा सगळीकडे पसरतो म्हणजे भोकाच्या आतही पसरणार असं वाटणारे, उदाहरणार्थ मी, परवापर्यंत.' तो प्रश्न मी पुढच्या बॅचला तसाच दिला, लहान वर धडाधड मतं पडली.